घरातल्या कुंडीतली मिरची: कीड, खत आणि कोकणची हवा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमधून येतात, अलिबागकडच्या सोसायट्यांमधून येतात, आणि पडवीला जाळी-पत्रे लावून बंद केलेल्या कौलारू घरांतूनही येतात. सगळ्यात जास्त येतात ते जुलैत. झाड मे महिन्यापर्यंत छान असतं, पाऊस लागला की बिघडतं, आणि मग घरात असेल नसेल ते खत त्याच्या बुडाशी पडतं. उत्तरं मुख्यतः मिरचीला धरून दिली आहेत, कारण हवा, पाणी, खत, कीड यातलं काहीही बिनसलं की पहिली कुरकुर मिरचीच करते. बाकीच्या झाडांचं त्या ओघात येईल.

कोकणात परसू असताना झाड घरात कशाला वाढवायचं?

परसू असेल तर जरूर परसात लावा. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही भागांत त्याहून जास्त. पागोळ्यांच्या माऱ्याखाली मिरचीचं फूल टिकत नाही. त्यातून वाचलं ते गोगलगाई खातात आणि गोगलगाईंनी ठेवलं ते माकडं. माकडांपायी परसातली भाजी सोडून दिलेली घरं गावोगाव आहेत. फ्लॅटवाल्यांना तर परसूच नाही. जाळीआड, खिडकीत किंवा दिव्याखाली दोन-चार कुंड्या ठेवल्या तर ऐन श्रावणात घरची मिरची मिळते.

घरात कोणती झाडं जमतात?

मिरची जमते. पानओवा, पुदिना आणि नागवेल सहज जमतात. बुश मिरी, म्हणजे मिरीच्या फळफांदीपासून केलेलं झुडूप, तर घरासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. त्याला सावली आवडते, वर चढायला पोफळ लागत नाही आणि कुंडीत ते वर्षानुवर्षं राहतं. कढीपत्त्याला ऊन लागतं, खोलीत तो नुसता जीव धरून राहतो. टोमॅटो पावसाळ्यात घरात लावू नका, असंच मी सांगतो. उजेड कमी, हवा दमट, वर मर रोगाची भीती. हौस असेल तर दसऱ्यानंतर लावा.

मिरचीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ इथल्या हवेची आहे. मात्र कुंडीसाठी कोणतीही बुटकी, आटोपशीर जात चालेल. गावठी लवंगी मिरची जरा कमी उजेडातही तग धरते.

झाड लांबट, फिकं होऊन खिडकीकडे वाकतं. कोणतं खत घालू?

कोणतंच नको. त्याला उजेड हवा आहे. नत्र (नायट्रोजन) घातलं तर ते आणखी लांबेल आणि मान टाकेल.

जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. खिडकीपासून चार हात आत गेलं की माणसाला पुरेसा वाटणारा उजेड झाडाला उपाशी ठेवतो. चार फुटी, २० वॅटच्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब घ्या. दोन-तीन कुंड्यांवर दोन ट्यूब, शेंड्यापासून वीतभर अंतरावर, दिवसाला १४ तास, तेही खिडकीच्या उजेडाला जोड म्हणून. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. त्या उजेडात पानाचा पिवळेपणा आणि कीड दोन्ही दिसत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. विजेचा हिशोब सोपा आहे: ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त, महिन्याला साधारण १७ युनिट. रात्री दिवा बंद करा, झाडालाही अंधार लागतो.

एक काळजी मात्र घ्या. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला टपकेल आणि प्लगमध्ये शिरणार नाही. विजेची गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच नसेल तर तो आधी बसवा, झाडं मागाहून.

आवारातली लाल माती कुंडीत भरली तर चालेल का?

नुसती नको. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिच्यातला चुना (म्हणजे कॅल्शियम) आणि मॅग्नेशियम शेकडो पावसाळ्यांनी धुऊन नेलेलं असतं, आणि स्फुरद (फॉस्फरस) घातलं तरी मातीतलं लोह आणि अॅल्युमिनियम ते धरून बसतं, झाडाला देत नाही. शिवाय कुंडीत ती दबून घट्ट होते. एक भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठभर निंबोळी किंवा करंज पेंड असं मिश्रण करा. दहा किलो मिश्रणाला २० ग्रॅमच्या आसपास डोलोमाइटची पूड घाला. त्यातून चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात आणि आंबटपणा उतरतो. पानाच्या डब्यातला किंवा भिंतीला लावायचा चुना घालू नका, तो मुळं भाजतो.

कोकोपीट धुवायचं कशाला? ते तर नारळाचंच.

नारळाचंच आहे, पण किनाऱ्यावरचं. सोडणं खाऱ्या-मचूळ पाण्यात भिजवून काथ्या काढतात, आणि जो भुसा उरतो त्याचं कोकोपीट होतं. त्यात मीठ राहतं, पोटॅशही भरपूर असतं. विटेला पाणी घालून फुगवा, पिळा, ते पाणी फेकून द्या. असं दोन-तीनदा करा, पिळलेलं पाणी गडद चहासारखं न राहता फिकं होईपर्यंत. जमलं तर शेवटच्या भिजवणीत लिटरला एखादा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी निथळा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये झाडाला चुन्याची आणि मॅग्नेशियमची कमतरता हटकून दिसते, कारण घातलेलं कॅल्शियम आधी कोकोपीटच धरून ठेवतं.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजू नका, कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर एकदा उचला आणि ते वजन हाताला माहीत करून द्या. हलकी लागली की पाणी घाला, नाहीतर नको. एप्रिल-मेमध्ये रोज लागेल. जुलैत खोलीतल्या कुंडीला आठवडाभरही लागणार नाही, कारण हवाच भिजलेली असते आणि ओल जायला जागा नसते. वरची माती कोरडी दिसली म्हणून पाणी घालणारे फार. बोट दोन पेरं आत घाला, तिथे गार लागतंय का ते बघा.

कोकणात घरातली झाडं तहानेने क्वचित मरतात, बुडून मात्र पुष्कळ मरतात. मुळं गुदमरली की ती खतही उचलत नाहीत. मग पान पिवळं पडतं, पिवळं दिसलं म्हणून माणूस खत घालतो, आणि त्या खताचे क्षार आजारी मुळांवर बसतात. पिवळं झाड दिसलं की आधी कुंडी उपडी करून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं असतील तर भुकेचा विचार करा. तपकिरी, ओढली की साल सुटून आत दोरा राहणारी मुळं असतील तर खताचा डबा कपाटात ठेवा. कुजलेली मुळं कापा, कोरड्या मिश्रणात लहान कुंडीत लावा, आणि किलोभर मिश्रणाला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) शेणखतातून घाला.

विहिरीचं पाणी चालतं का?

आतल्या गावात चालतं. समुद्राला किंवा खाडीला लागून असलेल्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ होतात आणि ते मीठ कुंडीत साठत जातं. जुन्या पानांची टोकं आणि कडा करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतं. पाचशेच्या आत असेल तर बिनधास्त वापरा, हजाराच्या वर असेल तर कुंडीला घालू नका. पागोळीचं पाणी पिंपात साठवून ठेवलंत तर उन्हाळ्यात निदान घरातल्या कुंड्यांचं भागतं. पिंपाला झाकण हवं, नाहीतर डास होतील.

पान पिवळं पडतंय. कशाची कमतरता?

हा प्रश्न येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा एका सुट्या पानाचा फोटो असतो, आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. पान झाडावर कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. नत्र, मॅग्नेशियम, पोटॅश ही झाड स्वतःच्या जुन्या पानातून काढून नव्या पानाला देऊ शकतं, म्हणून त्यांची टंचाई खालून दिसायला लागते. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याला दिसते.

खालचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं झालं तर नत्र कमी आहे. खालचंच पान, पण शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असं असेल तर मॅग्नेशियम. हे आपल्याकडे अतोनात दिसतं, कारण लाल मातीत ते मुळातच कमी असतं. लिटरला दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट पाण्यातून द्या. जुनं पान परत हिरवं होणार नाही, नवीन पिवळं पडायचं थांबलं की काम झालं. खालच्या पानाची कड तपकिरी होऊन सुकली तर पोटॅश, किंवा आधी सांगितलेलं मीठ.

शेंड्याचं कोवळं पान फिकट पिवळं, पांढुरकं, पण शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसते, तर लोह. इथे लोक चक्रावतात, की आपली माती लोहाने लाल झालेली असताना लोह कमी कसं? लोह असतं, पण मुळं ओलीने गुदमरलेली असली किंवा कोणी भरमसाट चुना-राख घातली असली तर ते उचलता येत नाही. चुलीची राख कुंडीत ओतायची सवय याला बऱ्याचदा कारणीभूत असते. चिमूटभर राख ठीक, वाटीभर नको.

आणि पान काळपट हिरवं, जाड, खाली वळलेलं, झाड झाडोऱ्याने भरलेलं पण फूल नाही? मग नत्र जास्त झालंय. असल्या कोवळ्या लुसलुशीत झाडावर मावा आधी येतो.

कॅल्शियम देऊनही कोवळ्या पानांची टोकं जळतात. असं का?

खोलीत हवा हलत नाही म्हणून. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. पानातून वाफ बाहेर गेली तरच मुळातून पाणी वर ओढलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीतली हवा पाण्याने इतकी भरलेली असते की पानातून वाफ निघतच नाही. सकाळी पानाच्या कडेला मोत्यांसारखे थेंब दिसतात ते याचंच लक्षण: मुळं पाणी ढकलतायत आणि वाफ व्हायला वाव नाही म्हणून ते थेंबानेच बाहेर पडतंय. कुंडीत कॅल्शियम असतं, शेंड्याला पोहोचत नाही. मिरचीच्या आणि टोमॅटोच्या फळाचं टोक काळं पडून बसतं तेही याच कारणाने, किंवा पाणी कधी खूप कधी काहीच नाही या चालीमुळे.

छोटा टेबलफॅन लावा. झाडावर झोत नको, पान हलकेच हलेल एवढा वारा पुरे. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. भिंतीला चिकटलेली कुंडी पुढे ओढा. या एका पंख्याने भुरी (पानावर पिठासारखी पांढरी बुरशी), पानावरचे ठिपके आणि रोपं कोलमडणं हेसुद्धा बरंच कमी होतं, म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर खतापेक्षा आधी त्यावर करा.

खत नेमकं किती आणि किती वेळा?

मिश्रण चांगलं असेल तर पहिला महिना काही नको. पुढे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. फुलं लागल्यावर आठवड्यातून एकदा, तेही दोन ग्रॅमच्या वर नाही. पाकिटावरचं प्रमाण बहुधा शेतासाठी असतं, कुंडीला त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. माती कोरडी असताना खताचं पाणी घालू नका, आधी साधं पाणी, मग खत. महिन्यातून एकदा कुंडीच्या बुडातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं साधं पाणी घाला, साठलेले क्षार निघून जातील.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी द्या. ते मॅग्नेशियम सल्फेटबरोबर घट्ट द्रावणात मिसळलं तर भांड्याच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे जिप्सम. त्यातलं कॅल्शियम बादलीतच वाया गेलं असं समजा. स्फुरद असलेल्या खताबरोबरही हाच प्रकार.

मासळी धुतलेलं पाणी, जीवामृत, कोळंबीची टरफलं?

नारळाला, आंब्याला, परसातल्या केळीला घाला. घरातल्या कुंडीला मासळीचं पाणी घातलंत तर मांजर, मुंग्या आणि माश्या तिघंही येतील, आणि खाऱ्या पाण्यातल्या मासळीबरोबर मीठही येतं. जीवामृताचा वास बंद खोलीत सहन होत नाही, शिवाय त्यातल्या गुळाने चिलटं येतात. कोळंबीची टरफलं वाळवून, दळून, मिश्रण करतानाच चमचा-दोन चमचे घातली तर चालतात. वाळवताना शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते बघून घ्या.

कुंडीवर बारीक काळी चिलटं उडतात. डास आहेत का?

चावत नाहीत, म्हणजे डास नव्हेत. सतत ओल्या कोकोपीटमधली ही बुरशीवर जगणारी चिलटं. उडणारी निरुपद्रवी असतात. त्यांच्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात, आणि रोप लहान असेल तर मरतं. बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उचलून खालची बाजू बघा, असल्या तर तिथे जमलेल्या दिसतील. वरचा दोन बोटं थर पूर्ण कोरडा होऊ द्या, त्यावर बोटभर जाडीची जाड रेती पसरा (समुद्रावरची नको), आणि पिवळे चिकट कार्ड लावा. पुठ्ठ्याला पिवळा रंग देऊन एरंडेल फासलं तरी तेच काम होतं.

पानं आखडली, चुरडा-मुरडा झाला. काय फवारू?

आधी पान कुठे वळलंय ते बघा. चुरडा-मुरडा ही तीन वेगळ्या गोष्टींनी होणारी तक्रार आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला, खालच्या बाजूला चंदेरी ओरखडे दिसले, तर फुलकिडे. पांढरा कागद शेंड्याखाली धरून टिचकी मारा. तांदळाच्या कणीहून बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसतील. याला निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात मिसळण्यापुरता भांडी धुवायचा द्रवसाबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. पाच-सहा दिवसांनी परत, आणि नंतर आणखी एकदा. एकाच फवाऱ्यात अंडी मरत नाहीत. निळी चिकट कार्डं यांच्यासाठी.

पानाच्या कडा खाली वळून होडी उपडी झाली, पानं अरुंद, देठ लांबलेले, खालची बाजू काशाच्या रंगाची आणि कडक झाली, तर पिवळा कोळी (भिंतीवरचा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव). हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट भिंगातूनसुद्धा नीट बघितलं तरच दिसतो. दमट, उबदार हवा याला मानवते, म्हणजे कोकणचा पावसाळा. पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. शेंडे छाटून पिशवीत बांधून बाहेर टाका आणि पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारा. तेल आणि गंधक यांच्यात किमान पंधरा दिवसांचं अंतर हवं, नाहीतर पानं करपतात. कडक उकाड्यात गंधक मारायचं नाही.

पानं लहान, सुरकुतलेली, शिरा जाड, झाड झुडपासारखं खुजं, आणि हलवलं की पांढऱ्या माश्या उडतात, तर विषाणू. याला औषध नाही. झाड उपटा. नुसत्या माशीवर फवारून विषाणू जात नाही, आणि रोगट झाड ठेवलं तर बाकीची जातात.

लाल कोळी हा चौथा, पण तो पान आखडत नाही. बारीक पांढरे ठिपके आणि शेवटी जाळं करतो. तो कोरड्या हवेतला, मार्च-मेमधला पाहुणा. पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून दोन-तीन दिवसांआड मारला तरी खूप आटोक्यात येतो.

कापसासारखं पांढरं काहीतरी देठाच्या बेचक्यात बसलंय आणि मुंग्या चढतायत.

पिठ्या ढेकूण. मुंग्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो आणि त्या बदल्यात त्या त्याची राखण करतात, म्हणून मुंग्यांची वाट आधी बंद करा. कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवा. दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. जास्त असतील तर व्हर्टिसिलियम ही जैविक बुरशी लिटरला पाच ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. कोरड्या मुलखात ही बुरशी नीट चालत नाही, तिला दमट हवा लागते. एरवी आपल्याला छळणारी पावसाळी हवा इथे उपयोगी पडते. तिच्याबरोबर बुरशीनाशक मारू नका, त्याने ही बुरशीच मरते.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पिठ्या ढेकणांत कधी कधी एक मोठा, झालरीसारखे पांढरे धागे लोंबणारा, झपझप चालणारा ‘ढेकूण’ दिसतो. तो ढेकूण नसतो. क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते, आणि ती ढेकूणच खात असते. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. लगबगीने चालणारा दिसला तर त्याला राहू द्या.

काल टवटवीत होतं, आज हिरवंगार असतानाच कोमेजलं. पाणी घातलं तरी उठत नाही.

जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी. मिरची, वांगं, टोमॅटो तिघांनाही येते, कोकणच्या आम्ल, ओल्या, उबदार जमिनीत तर फारच. खात्री घरी होते. बुडाजवळचा वीतभर खोडाचा तुकडा कापा, स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्याचं कापलेलं टोक बुडेल असा धरा आणि हलवू नका. काही मिनिटांत टोकातून दुधट धागा सरळ खाली उतरताना दिसला तर तीच मर. झाड, माती, दोन्ही घरातून बाहेर काढा. ती माती परसात वांग्या-मिरचीजवळ टाकू नका. कुंडी घासून उन्हात तापवा, कात्री स्पिरिटने पुसा. धागा दिसला नाही तर मुळं कुजलीत का ते बघा. टोमॅटोची फारच हौस असेल तर ‘अर्का रक्षक’ ही बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची संकरित जात या मरीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

आंब्याला आणलेलं औषध घरात शिल्लक आहे. थोडंसं मारलं तर?

नाही. बंद खोली, त्यात लहान मुलं, त्यात ती मिरची दुसऱ्या दिवशी फोडणीत पडणार. नारळाच्या मुळातून द्यायला आणलेलं मोनोक्रोटोफॉस कित्येक घरांच्या माळ्यावर असतं. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ पासून बंदी आहे. शिवाय कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि बरीचशी कीटकनाशकं त्याला लागतच नाहीत. ती मारून कोळी खाणारे मित्रकिडे तेवढे मरतात आणि कोळी आणखी माजतो.

फुलं येतात आणि गळतात.

रात्रीचा उकाडा, कमी उजेड, जास्त नत्र, यातलं काहीतरी. हे सगळं ठीक असेल तर परागीभवन. मिरचीला मधमाशी लागतेच असं नाही, पण वारा लागतो, आणि दमट हवेत पराग चिकटून बसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फांदीवर बोटाने टिचक्या मारा.

दिवे, कोकोपीट, कोळी, खत, हे सगळं गांजाच्या झाडालाही लागू पडतं ना? एखादं झाड घरात लावलं तर?

हा प्रश्न येतो, हसत येतो, पण येतो. झाड म्हणून बघितलं तर कोळी त्यालाही लागतो आणि मुळं त्याचीही कुजतात. पण भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ८ नुसार या झाडाची लागवडच मना आहे, आणि कलम २० मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. जवळ बाळगलेल्या मालासाठी कमी-जास्त प्रमाणाची वर्गवारी आहे, लागवडीला तशी ‘एवढी झाडं चालतात’ अशी सूट नाही. ‘भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत’ हे खरं, पण म्हणून झाड लावायची परवानगी मिळत नाही. उत्तराखंडने परवाना देऊन औद्योगिक वाणाची लागवड सुरू केली ती धाग्या-बियांसाठी, आणि ती त्या राज्याची गोष्ट. त्या झाडाची निगा कशी राखायची हे इथे विचारू नका, सांगणार नाही.

उलटी गंमतही होते. अंबाडीचं पान बोटाबोटांचं, कातरलेलं असतं. खिडकीत दिव्याखाली अंबाडी बघून सोसायटीत कुजबुज झालेली आहे. अशा वेळी भाजी करून वाटीभर शेजारी पाठवावी.

बुश मिरीची पानं काळी पडून गळतायत.

बुडाशी पाणी साचलं की फायटोफ्थोरा बुरशीने असं होतं. पावसाळ्यात तो मिरीचा मुख्य शत्रू आहे. कुंडीची भोकं मोकळी करा, बुडाची बशी काढून टाका, काळी पानं आणि फांद्या छाटा, लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) मातीत ओता. ट्रायकोडर्मा दिलेलं असेल तर ते यात मरतं, दोन-तीन आठवड्यांनी परत द्या. नवीन आणणार असाल तर कोलुब्रिनम (मिरीचीच एक जंगली जातभाई) खुंटावरचं कलम मागा, त्या खुंटाला ही सड सहसा लागत नाही.

गणपतीत घर भरतं. मुंबईहून सगळे येतात, कुंड्यांना जागा राहत नाही. आठ-दहा दिवस बाहेर ठेवू का?

ओटीवर ठेवा, खळ्यात नको. दिव्याखाली वाढलेलं पान मऊ असतं, भाद्रपदातलं मधूनच पडणारं ऊन त्याला एका दुपारीत पांढरं करून टाकतं. पागोळीच्या आत, भिंतीच्या कडेला ठेवा आणि गोगलगाईसाठी रात्री एक चक्कर टाका. कुंड्यांना पाणी घालायचं काम एकाच माणसाकडे द्या. येणारा प्रत्येक जण प्रेमाने तांब्याभर ओततो.

परत आत नेताना सरळ दिव्याखाली नेऊ नका. आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवा, पानांच्या खालच्या बाजू भिंगाने बघा, शेंडे कागदावर झटका, एकदा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. गौरीला आणलेली फुलझाडं, कोणीतरी भेट दिलेली कुंडी, याच वाटेने पिठ्या ढेकूण घरात येतो, तेव्हा त्यांनाही हाच नियम लावा.